श्रद्धा आणि विनय

आषाढी वारीसाठी दरवर्षी बुलढाणा जिल्ह्यातील शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास निघते. वाटेवरील गावकरी वारकऱ्यांस पाणी देतात, भाकरी देतात. दोन वारकरी भेटले, म्हणजे लहानथोर न पाहता ते परस्परांच्या पाया पडतात. या साध्या चालीत एक मोठा विचार साठविलेला आहे. देवावर ज्याची खरी श्रद्धा आहे, त्यास माणसापुढे वाकण्यात कमीपणा वाटत नाही.

परंतु याच्या उलट मत बाळगणारे लोकही पुष्कळ आढळतात. श्रद्धा दृढ असेल, तर माणसाने ताठच राहिले पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे हा दुबळेपणा होय, असे त्यांस वाटते. हे मत बरोबर नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र पाहिले, म्हणजे त्यातील चूक ध्यानात येते.

टिळकांचा जन्म कोकणात एका ब्राह्मण कुटुंबात झाला. पुष्कळ विचार करून १८९५ साली त्यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मनाची मात्र तयारी नव्हती. त्यांच्यावर जणू आकाशच कोसळले. काही वर्षे त्यांस नातलगांच्या आश्रयाने, पतीपासून दूर काढावी लागली. या दुःखाचे कारण टिळक होते, हे झाकण्यात अर्थ नाही. टिळकांचा स्वभावही तापट व लहरी होता. लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ते मोकळेपणाने सांगितले आहे. विनय हा टिळकांस उपजत लाभलेला नव्हता. तो त्यांस प्रयत्नाने मिळवावा लागला.

पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, तेव्हा त्या विनयाची खरी कसोटी लागली. त्या काळी घरात पतीचा शब्द अखेरचा मानला जाई. टिळकांनी मनात आणले असते, तर पत्नीवर आपला धर्म लादणे त्यांस कठीण नव्हते. परंतु त्यांनी तसे केले नाही. लक्ष्मीबाईंचे सोवळे चालू राहिले, त्यांचा स्वयंपाकही वेगळा होत राहिला. धर्म ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे, हे टिळकांनी कृतीने मान्य केले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला. जातिभेद देवाने नव्हे, तर माणसाने निर्माण केला, अशी त्यांची खात्री पटली. आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. सक्तीने जे कधीच साधले नसते, ते धीराने साधले.

हीच सभ्यता त्यांच्या घरी येणाऱ्यांसही लाभली. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीचे मोठे कौतुक झाले. तेच पुढे 'बालकवी' म्हणून प्रसिद्धीस आले. टिळकांनी त्यांस अहमदनगरास आपल्या घरी नेले. बालकवी तेथे मुलासारखे राहिले. पण अखेरपर्यंत ते हिंदूच होते. त्या घरातील माया धर्म पाहून मिळत नव्हती.

विनयाचे सख्खे भावंड म्हणजे कृतज्ञता. नवा मार्ग सापडलेला मनुष्य पुष्कळदा जुन्याची निंदा करू लागतो. टिळक तसे वागले नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ज्या पुलावरून नदी ओलांडली, त्या पुलास पलीकडे गेल्यावर विसरू नये, ही त्यांची वृत्ती होती. म्हणून ख्रिस्ताची स्तुतीही त्यांनी संतांच्याच अभंगांत व ओव्यांत गायिली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या भक्तांस त्यात स्थान होते.

कोणी म्हणेल, सर्वांशी असे गोडीने वागले, म्हणजे स्वतःचे मत पातळ होते. टिळकांचे मत पातळ झाले नाही. १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची ख्रिस्तावरील निष्ठा अढळ राहिली. ज्याचा पाया पक्का असतो, त्यास दुसऱ्याच्या मताची भीती वाटत नाही. भीती वाटते, तोच मोठ्याने ओरडतो आणि दुसऱ्याचे तोंड बंद करू पाहतो.

आज एकाच गावात, एकाच वर्गात निरनिराळ्या धर्मांची व जातींची मुले एकत्र बसतात. त्यांनी आपापली श्रद्धा सोडावी, असे कोणी म्हणणार नाही. मात्र शेजाऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करून आपली श्रद्धा मोठी होत नाही, हे प्रत्येकाने ओळखले पाहिजे. आणि हा विनय प्रथम घरातच शिकावा लागतो. जो आपल्याहून दुबळा आहे, आपल्यावर अवलंबून आहे, त्याच्याशी मनुष्य कसा वागतो, यावरूनच त्याच्या श्रद्धेची पारख होते.