मैत्रिणीलाही बोलवा

नायजेरियातील चिबोक गावात १४ एप्रिल २०१४ च्या रात्री ‘बोको हराम’च्या दहशतवाद्यांनी शाळेच्या वसतिगृहातून २७६ मुली पळवल्या. परीक्षेसाठी जमलेल्या या मुलींपैकी ५७ जणी निसटल्या. काहींनी अंधारात ट्रकमधून उड्या टाकल्या. एकीने उडी घेतली, शेजारच्या मैत्रिणीला धीर झाला नाही, एवढ्यावर दोन आयुष्ये वेगळी झाली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये २१ आणि मे २०१७ मध्ये ८२ मुली सुटल्या. राष्ट्राध्यक्ष त्यांना भेटले, छायाचित्रे जगभर गेली. सरकारने त्यांना राजधानी अबुजात ठेवून उपचार आणि समुपदेशन दिले, पण मोकळेपणाने घरी जाऊ दिले नाही. नाताळात पहिल्या २१ जणींना गावी नेले, तेव्हाही त्यांना स्वतःच्या घरी राहू दिले नाही, अशी कुटुंबीयांची तक्रार होती. सुरक्षेची भीती खरी होती, हे मान्य. पण जिला बंदिवासातून सोडवले तिला पुन्हा पहाऱ्यात ठेवायचे, हे कसले पुनर्वसन? पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये या मुली योला शहरातील विद्यापीठात शिकायला गेल्या. उडी टाकून वाचलेल्यांपैकी काही जणी तिथे आधीपासून शिकत होत्या.

परतलेली मुलगी आणि आधीच निसटलेली मैत्रीण यांची भेट सोपी नसते. परतलेलीने जे पाहिले ते सांगायला तिच्याकडे शब्द नसतात. वाचलेलीला आपण सुटलो याचेच ओझे असते. जुन्या गप्पा सुरू कराव्यात तर मधली वर्षे आड येतात. तरीही पोलीस, डॉक्टर आणि आईवडील यांच्यापैकी कोणीही देऊ शकत नाही अशी एक गोष्ट मैत्रिणीकडे असते: तिला ही मुलगी घटनेच्या आधीपासून बरोबरीची म्हणून ठाऊक असते. तिच्यासमोर पीडित म्हणून बसावे लागत नाही. वेणी, गृहपाठ, एखाद्या शिक्षकाची नक्कल, यांवर बोलता येते आणि गप्पही राहता येते.

पळवून नेलेली मुलगी सुटून परतली तर आपल्याकडे काय होते? बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलीचे नाव, पत्ता, शाळा छापता येत नाही. पण गल्लीला सगळे ठाऊक असते. ‘काय झालं गं तिकडे?’ असे विचारणाऱ्या बायका येतात आणि जिवाभावाच्या मैत्रिणीला घरून तंबी मिळते, ‘तिच्यात जास्त मिसळू नकोस.’ मुलगी दुसऱ्यांदा हरवते ती इथे, आणि त्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवली जात नाही.

बालकल्याण समित्यांनी अशा मुलीच्या देखभालीचा आराखडा करताना तिला एक साधा प्रश्न विचारावा: तुला कोणाला भेटावेसे वाटते? तिने मैत्रिणीचे नाव घेतले तर त्या मैत्रिणीलाही समुपदेशकाचा वेळ मिळावा, कारण तीही घाबरलेली असते. शाळेने दोघींना एका वर्गात, एका बाकावर बसू द्यावे. आणि मुख्याध्यापकांनी मैत्रिणीच्या आईवडिलांना स्वतः बोलावून सांगावे की, तुमच्या मुलीला तिच्या घरी जाऊ द्या.