एका प्रथिनाची कळ आणि बावीस लाख डॉलर

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावाला जनुकसंपादनाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. हे गाव ज्या औंढा नागनाथ तालुक्यात येते, तेथे आणि शेजारच्या कळमनुरीत आंध या आदिवासी समाजाची वस्ती आहे. आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण देशभरात आदिवासी समाजांतच अधिक आढळते. संबंध आहे तो एवढा थेट.

अस्थिमज्जेतील मूळपेशींपासून सर्व रक्तपेशी घडतात. कोणत्या पेशीने काय व्हावे आणि काय निर्माण करावे, यावर काही नियामक प्रथिनांचा अंकुश असतो. बीसीएल-११ए हे त्यांपैकी एक. जन्मानंतर काही महिन्यांत ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती दडपते. सिकलसेल असलेल्या बाळाची दुखणी सुरू होतात ती नेमकी याच सुमारास, कारण त्याचे प्रौढ हिमोग्लोबिन सदोष असते. बोस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या चमूने २००८ मध्ये या प्रथिनाची भूमिका उघड केली.

मग ते प्रथिनच का हटवू नये? कारण मूळपेशींच्या स्वतःच्या टिकावासाठी आणि काही पांढऱ्या पेशींच्या घडणीसाठी ते लागते. म्हणून संशोधकांनी केवळ लाल पेशींच्या वंशात ते चालू करणारी कळ तोडली. रुग्णाच्याच मूळपेशींत हा बदल करणाऱ्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर. त्यापूर्वी घ्यावी लागणारी तीव्र केमोथेरपी वेगळीच!

गंमत अशी की, भारतातील अनेक रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते व त्यांचा आजार तुलनेने सौम्य राहतो. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषधही तेच हिमोग्लोबिन वाढविते.

दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेचे ‘बिरसा १०१’ हे देशी तंत्रज्ञान नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करारही झाला. सार्वजनिक पैशातून घडलेल्या या उपचाराचा दर रुग्णाचा खिसा पाहून ठरावा, हा आग्रह आताच धरावयास हवा. मात्र तो चाचण्यांतून पार पडेपर्यंत रुग्णांनी थांबायचे कशाच्या आधारावर? जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणीनंतर हाती येणारे कार्ड हा उपचार नव्हे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळाव्यात, यासाठी कोणत्याही जनुकीय कात्रीची वाट पाहण्याचे कारण नाही.