मुक्कामी गाडी, काळी-पिवळी आणि प्रवासाचा खरा खर्च

कन्नड तालुक्याच्या पूर्व अंगाला असलेले पिशोर हे परिसरातील अनेक लहान गावांचे बाजाराचे गाव आहे. पश्चिमेस तालुक्याचे ठिकाण कन्नड, पूर्वेस सिल्लोड आणि दक्षिणेस छत्रपती संभाजीनगर अशा तीन दिशांना गावाचे व्यवहार वाटले गेले आहेत. तहसील आणि न्यायालय कन्नडला, घाऊक माल व घाटीचे रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणी, सोयरीक कोणत्याही दिशेला. आगगाडी मात्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. ती गाठायची तर छत्रपती संभाजीनगर किंवा घाट उतरून चाळीसगाव. औट्रम घाटातून जड वाहनांना ऑगस्ट २०२३ पासून न्यायालयाच्या आदेशाने बंदी असल्याने खानदेशातून येणाऱ्या मालाच्या ट्रकांचा वळसाही वाढला आहे. अशा गावात प्रवास हा दुकानाच्या भांडवलाइतकाच महत्त्वाचा विषय ठरतो. तरीही व्यापारी घरातील खतावणीत त्याचे खाते सहसा एकाच ओळीचे असते: ‘गाडीभाडे’.

त्या एका ओळीत बरेच काही दडून राहते.

प्रथम एसटीचा विचार करू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली बस धावली. पुढे महामंडळाने गावोगाव बस नेण्याचे जे काम केले, त्याची सर्वांत सुंदर खूण म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून निघालेली बस आडबाजूच्या गावात रात्रभर थांबते, चालक-वाहक तिथेच पथारी पसरतात आणि पहाटे तीच बस गावाला घेऊन तालुक्याकडे निघते. पहाटेच्या या एका फेरीवर कित्येक मुलांचे महाविद्यालय, दूधवाल्यांचे रतीब आणि कचेरीतील तारखा सांभाळल्या गेल्या. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना पास मोफत आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, हे खरे. तरीही पिशोरहून आजी, सून आणि नात अशा तिघी लग्नाला निघाल्या तर एसटीइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

एसटीची उणीव दरात नसून वेळेत आहे. दुपारच्या फेऱ्या विरळ असतात, एखादी रद्द झाल्याचे थांब्यावर उभे राहूनच कळते आणि सायंकाळची शेवटची गाडी बाजार आवरण्याआधी निघून जाते. ती पोकळी भरून काढते ती काळी-पिवळी जीप आणि फाट्यापासून आतल्या गावांपर्यंत जाणारी ॲपे रिक्षा. या वाहनांना नावे ठेवणे सोपे आहे, परंतु नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजी या बाजूच्या माणसाला ती नसती तर बाजार गाठणेच कठीण झाले असते. जगात इतरत्रही असेच आहे. थायलंडच्या उपनगरी प्रांतांत ‘सोंगथेव’ नावाची वाहने धावतात. नावाचा अर्थ ‘दोन रांगा’. पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर, ठरलेला मार्ग, हात दाखवला की थांबणारे वाहन. आपल्या ॲपेतील माणसाला त्यात बसल्यावर परके वाटणार नाही.

फरक असा की काळी-पिवळी वेळेवर निघत नाही, भरल्यावर निघते. चालकाच्या भाषेत माणूस म्हणजे ‘शीट’. दहावे शीट मिळेपर्यंत नऊ जण उन्हात बसून राहतात आणि दहावे मिळाले की अकरावे शोधले जाते. कायद्याने टप्पा वाहतुकीचा, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेत-उतरवत जाण्याचा, अधिकार मुख्यत्वे एसटीचा. काळी-पिवळीला टॅक्सीचा परवाना असतो, धावते मात्र ती टप्प्याटप्प्यानेच. यात चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. डिझेल, हप्ता आणि परवान्याचे शुल्क वजा जाता त्याच्या हाती उरते ती त्या अकराव्या शिटाचीच रक्कम.

पण अपघात झाल्यावर हेच अकरावे शीट हिशेबाबाहेर जाते. प्रवासी वाहनाच्या विम्यात आसनसंख्या नोंदलेली असते. कंपनीची जबाबदारी त्या संख्येपुरतीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. कंपनीकडून येणारी रक्कम सर्व जखमी-मृतांत प्रमाणात वाटली जाते आणि उरलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करावी लागते. ज्याचा संसार एका जुन्या जीपवर चालतो, त्याच्याकडून काय वसूल होणार, हे वेगळे सांगायला नको. एसटीच्या तिकिटात एक रुपया अपघात सहायता निधीचा असतो. तो रुपया अनेकांच्या नजरेस येत नाही.

खासगी मोटारीबाबत गैरसमज अधिक आहेत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेणे ही खेड्यापाड्यांत नित्याची गोष्ट आहे. ओळखीचा माणूस, घरासमोरून नेतो, पैसेही कमी घेतो. परंतु अशी गाडी भाड्याने धावत होती हे सिद्ध झाले की विमा कंपनी अटभंगाचा मुद्दा पुढे करते. शिवाय गाडीला केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर आत बसलेल्यांना त्याचे संरक्षण नसते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे ‘पाच वर्षांचा विमा आहे’ असे सांगणाऱ्या मुलाला मागे बसलेल्या आईचा विमा नाही, हे माहीतच नसते. सर्वसमावेशक पॉलिसी दरवर्षी पाहून घ्यावी लागते.

व्यापाऱ्यांचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो मालाच्या गाडीशी. जुना मोंढा, गुलमंडी किंवा जाधववाडीहून खरेदी झाली की छोट्या हत्तीत माल भरून दुकानदार चालकाशेजारी बसतो. कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. मालाशी संबंध नसलेला, वाटेत हात दाखवून मागे चढलेला प्रवासी मात्र नाही. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. म्हणून बिल आणि चलन मालाबरोबर असणे हे केवळ वस्तू व सेवा कराच्या तपासणीसाठी नसते. बिलावर दुकानाचे नाव आणि गाडीत दुकानाचा माणूस, हा संबंध कागदावर दिसला पाहिजे. माल उतरवून रिकाम्या गाडीतून परतणाऱ्यांचा प्रश्न आला की कंपनीचा वकील उभा राहतोच.

मालाच्या वाहनावर माणसे बसण्याचे परिणाम पिशोरने जवळून पाहिले आहेत. मार्च २०२५ मध्ये पिशोर घाटात उसाने भरलेला ट्रक उलटला. त्यावर ऊसतोड मजूर होते आणि उसाखाली दबून त्यांतील काहींचा जीव गेला. मोळ्यांवर बसून केलेल्या त्या प्रवासाला तिकीट लागत नाही, एवढीच त्याची स्वस्ताई.

स्वतःची मोटार घेणे हा यावरचा उपाय मानला जातो. सवडीचा आणि अडीअडचणीचा विचार केला तर त्यात चूक नाही. रात्री-अपरात्री घाटी गाठायची असेल तर दारातील गाडीला पर्याय नाही. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या घरालाही मोंढ्यातून निघण्याची वेळ स्वतःच्या हाती असते. मात्र ती ‘स्वस्त पडते’ असे म्हणताना केवळ इंधन मोजले जाते. समजा गाडी आठ लाखांची आहे. पंधरा टक्क्यांप्रमाणे पहिल्या वर्षाचा घसारा १,२०,००० रुपये, नऊ टक्क्यांनी गुंतलेल्या रकमेचे व्याज ७२,०००, विमा व देखभाल मिळून २८,००० धरले तर एकूण २,२०,००० रुपये होतात. वर्षात शहराच्या शंभर खेपा झाल्या तर इंधनाचा थेंब जळण्यापूर्वीच एका खेपेला २,२०० रुपये पडले. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालवाहू टेम्पोवरील कराची वजावट मिळते, घरच्या मोटारीवरील नाही, हेही या हिशेबात धरावे.

पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्सबद्दल एवढेच पुरे की २०१८ च्या शासन निर्णयाने त्यांचे भाडे एसटीच्या दीडपटीपुरते मर्यादित केले आहे. दिवाळीत ती मर्यादा आठवावी.

दारात मोटार आली की घरातील माणसे थांब्यावर दिसेनाशी होतात, आणि इथूनच दुसरा हिशेब सुरू होतो. महामंडळ फेरी ठेवायची की बंद करायची हे भारमानावरून ठरवते. तिकिटाचे पूर्ण पैसे देणारा प्रवासी निघून गेला की सवलतीचे प्रवासी उरतात, भारमान घसरते आणि फेरी वेळापत्रकातून गळते. ती गळाल्याने पेढीवरच्या शेटजींचे काही अडत नाही. अडते अकरावीतल्या मुलीचे. ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला एसटीचा संप पाच महिन्यांहून अधिक चालला आणि शासनाला खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा द्यावी लागली. त्या काळात मोटार असलेली घरे गैरसोय सोसून चालत राहिली. पासवर शिकणाऱ्या मुलांना मात्र महामारीनंतर नुकत्याच उघडलेल्या वर्गापर्यंत पोहोचणेही अवघड झाले होते.

दुकानातील नोकरांचे परतणे हा याच हिशेबाचा भाग आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गल्ला मोजून, पोती आत घेऊन दुकान बंद होते तेव्हा शेवटची बस गेलेली असते. हमाल आणि काउंटरवरचा मुलगा मग जो पिकअप मिळेल त्याच्या मागे चढतात. मालकाच्या वहीत त्या प्रवासाची नोंद नसते, कारण त्याचे पैसे मालकाने दिलेले नसतात. शेजारच्या गावाचा नोकर असेल तर त्याला शेवटच्या फेरीच्या वेळी मोकळे करणे, किंवा दोन-तीन दुकानांनी मिळून परवान्याच्या रिक्षाला त्या दिवसाचे भाडे ठरवून देणे, हा खर्च बाजाराच्या दिवसाच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे.

फेरीची वेळ बदलून घेणेही अशक्य नसते. ग्रामपंचायतीचा ठराव आणि व्यापाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज कन्नडच्या आगार व्यवस्थापकांकडे जाऊ शकतो. अशा अर्जात ‘गावाची फार गैरसोय होते’ या वाक्याला फारसे वजन नसते. सायंकाळी कोणत्या वेळेला, कोणत्या गावापर्यंत, पासधारक किती आणि पूर्ण तिकिटाचे किती, हे सलग चार आठवडे थांब्यावर मोजून त्याचा तक्ता जोडावा लागतो. हिशेबाच्या वह्यांत पिढ्या घालवलेल्या घरांतील एखाद्या तरुणाला हे काम अवघड जाऊ नये.