मापात पाप शेतातही चालू देणार नाही



बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर काट्यावरून हलत नाही. मापाऱ्याचा हात जरा इकडेतिकडे झाला तर आपण भांडायला उभे राहतो, आणि राहायलाच पाहिजे. पण आपल्याच शेतात, ठिबकच्या फिल्टरजवळ, आणखी एक काटा आहे. दाबाचा गेज. तो खरे बोलतो की खोटे, हे आपण आजवर कोणाला विचारले?

आम्ही एका शेतावर गेलो तेव्हा मोटार बंद होती, नळ्या रिकाम्या होत्या आणि काटा अर्ध्या किलोवर उभा होता! संच बसवणाऱ्याने सांगितले होते, "काटा एक किलोवर ठेवा." शेतकऱ्याने इमानाने तो तिथेच ठेवला. म्हणजे प्रत्यक्षात दाब होता अर्धाच. साध्या तोटीतून एक किलो दाबाला तासाला 4 लिटर पाणी पडत असेल, तर अर्ध्या किलोला 2.8 लिटरच पडते. पावसाने दडी मारलेली, विहिरीत मोजके पाणी, पऱ्हाटी पात्यांवर आलेली. ओळीच्या शेवटच्या झाडांनी पाते गाळले. तक्रार केली तर उत्तर आले, "तुमचेच पाणी गढूळ, तुम्हीच फिल्टर धुतला नाही." यंत्र खोटे आणि गुन्हेगार शेतकरी!

या गेजमध्ये जादू काही नाही. फ्रान्समधल्या युजेन बूर्दाँने 1849 साली त्याचे पेटंट घेतले. आत एक वाकवलेली चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा ढकलते. मोटारीच्या हादऱ्याने, पाण्याच्या धक्क्याने ही नळी थकते, दाते झिजतात, आणि काटा खोटे बोलू लागतो. म्हणूनच कारखान्यात गेज ठरावीक मुदतीने काढून तपासतात, त्याचा दाखला ठेवतात. आपल्याकडे मात्र गेज एकदा बसला की गंजून गळून पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. आम्ही पाहिलेल्या एकाही संचाबरोबर असा दाखला नव्हता.

दुसरे पाप निवडीतले आहे. ठिबकला लागतो एक-दीड किलो दाब, आणि माथी मारतात 10 किलोचा गेज. गेजची चूक ही पूर्ण तबकडीच्या टक्क्यात धरतात. तबकडीवर वर्ग 2.5 लिहिलेला असेल, तर 10 किलोच्या गेजला पाव किलोची चूक माफ! एक किलोच्या कामात पाव किलो म्हणजे चार आण्यांची खोट. तोच गेज 2.5 किलोचा असता, तर चूक जेमतेम 60 ग्रॅम राहिली असती. फिल्टरचे तर विचारूच नका. आधीचा आणि नंतरचा दाब यात अर्ध्या किलोचा फरक पडला, तर फिल्टर चोंदला असे समजायचे. पण दोन्ही गेज पाव-पाव किलो उलट दिशेने चुकले, तर तो सगळा फरकच गडप होतो. मग फिल्टर धुवायचा तरी कधी?

कोणी म्हणेल, शेतीत एवढे काटेकोर कशाला? हाच कापूस गिरणीच्या दारात गेला की त्याचा मायक्रोनेअर काढतात. म्हणजे ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून तिचा तलमपणा मोजतात. ते यंत्र प्रमाणित रुईच्या नमुन्यांशी जुळवून घेतलेले असते. विकत घेणाऱ्याचे माप तपासलेले आणि पिकवणाऱ्याचे अंदाजपंचे, हा कुठला न्याय?

म्हणून आपण चार गोष्टी करू.

पहिली, गेज घेताना तबकडी वाचू. नेहमीचा दाब तबकडीच्या मधल्या भागात यावा, पाऊण भागाच्या वर जाऊ नये. फिल्टरपाशी 4 किलोचा आणि पुढे शेतातल्या नळीवर 2.5 किलोचा बहुतेक ठिकाणी पुरतो. मोटारीजवळ ग्लिसरीन भरलेला घेऊ. तो हादरे सोसतो. आयएस 3624 चा उल्लेख आणि वर्ग बिलावर लिहून मागू.

दुसरी, मोटार बंद करून, दाब सोडून काटा शून्यावर येतो का ते पाहू. पण तेवढ्यावर थांबू नका. काही गेजना शून्यापाशी खिळा असतो, काटा त्याला टेकतो आणि चूक झाकली जाते.

तिसरी, पाण्याने तपासू. 10 मीटर उभ्या पाण्याचा दाब बरोबर एक किलो, 5 मीटरचा अर्धा. टाकी मोठी की लहान याचा संबंध नाही, उंचीच तेवढी मोजायची. टाकीखालच्या तोटीला गेज लावा, त्या नळातून दुसरीकडे पाणी जात नाही ना ते पाहा, नळीतली हवा काढा. गेजपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत दोरीने उंची मोजा. पाण्याला लाच देता येत नाही!

चौथी, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना एकच गेज आळीपाळीने लावू. त्याची चूक दोन्हीकडे सारखीच येते, म्हणून फरक खरा निघतो. फिल्टर स्वच्छ असतानाचा फरक वहीत लिहून ठेवू.

दोष आपलाही आहे. पाईप किती जाड, अनुदान किती, एवढेच आपण विचारत आलो. म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करू: तपासणीच्या दाखल्याशिवाय गेज असेल, तर संच मिळाल्याच्या कागदावर सही नाही. खोटा ठरलेला गेज विकणाऱ्याने बदलून द्यावा. आणि प्रत्येक गावाने वर्गणी काढून एक चांगला गेज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणावा. तो शेतात लावायचा नाही, बाकीचे गेज त्याच्याशी ताडून पाहायचे.

बैठकीला येताना आपापला गेज काढून घेऊन या. काटा कोणाचा खरा, ते सगळ्यांसमोर पाहू.