बाहेर ठसा, आत नाव

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की आमच्या वसईत घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते. कोणी पेंढा आणतो, कोणी ताऱ्याच्या कंदिलाचा सांगाडा बांधतो. एक काम मात्र आम्ही जवळजवळ टाकून दिले आहे : आपल्या माणसांना नाताळची शुभेच्छापत्रे पाठविण्याचे. आता मध्यरात्रीची मिस्सा आटोपण्यापूर्वीच मोबाईलवर शुभेच्छांचा पाऊस पडू लागतो. एकाने पाठविलेले चित्र दुसऱ्याने पुढे ढकलायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याने. या ढकलाढकलीला शुभेच्छा म्हणावे, हे आम्हांला मान्य नाही.

आमचा राग आधी आमच्यावरच आहे. एका नाताळला आम्ही असेच एक तयार चित्र यादीतल्या झाडून साऱ्यांना पाठवून दिले. ‘तुम्हां उभयतांना’ असा त्यावर मजकूर होता. त्यांतल्या एका घरचा कर्ता पुरुष त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेला होता. त्याच्या अंत्ययात्रेत आम्ही स्वतः चाललो होतो. त्या माउलीने उत्तरादाखल हात जोडल्याचे चिन्ह तेवढे पाठविले. एका शब्दाने ती आम्हांला बोलली नाही, म्हणूनच ते अजून बोचते. तिचे नाव लिहावे लागले असते, तर आमचा हात तेथेच थांबला असता.

‘वेळ नाही’ ही सबब काही नवी नव्हे. विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळपत्र याच सबबीतून जन्मले. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना प्रत्येकास स्वतंत्र पत्र लिहिण्याची सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतले आणि त्याच्या सुमारे १००० प्रती छापविल्या. किंमत एक शिलिंग. मधल्या चौकटीत मेजवानीला बसलेले कुटुंब, हातांत मद्याचे पेले. मद्यपानविरोधकांनी त्यावर टीकेची झोड उठविली. परंतु दोन्ही बाजूंच्या चौकटींत भुकेल्यास अन्न आणि उघड्यास वस्त्र देणारी माणसे होती. शिवाय ज्याला पाठवायचे त्याच्या आणि पाठविणाऱ्याच्या नावासाठी जागा मोकळी सोडलेली होती. त्या घाईतल्या गृहस्थानेही दोन नावांची जागा राखली. आपण तीही पुसून टाकली!

यावर आमचे म्हणणे साधे आहे. यंदा प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ काढून हाताने ठसे उमटवून शुभेच्छापत्रे करावीत. बाजारात जाण्याची गरज नाही. ठसे आमच्या वाडीतच पिकतात. पाच शिरांची भेंडी आडवी कापा, बेथलेहेमचा तारा तयार! केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की चंद्रकोरीसारखा जाळीदार ठसा मिळतो. तो उपडा उमटवा, गोठ्याचे छप्पर होते. उताणा उमटवा, गव्हाण होते. केळीचा चीक कपड्यांना लागू देऊ नये, एवढेच पथ्य. बटाटा अर्धा कापून त्याचा ओलावा फडक्याने टिपावा. जो आकार हवा तो उंच ठेवून भोवतालचा भाग कोरून काढावा. अक्षर कोरायचे तर उलटे कोरावे. बशीत फडक्याची घडी ठेवून तिच्यावर दाट रंग मुरवावा. सुरी मोठ्यांच्या हाती, ठसा मुलांच्या हाती.

कोणी विचारील, ठसा म्हणजे तरी काय? तेच ते पुन्हा पुन्हा! मोबाईलवरच्या चित्राने मग काय घोडे मारले? प्रश्न रास्त आहे. ठशाचे चित्र सर्वांना सारखेच जाते, हे खरे. म्हणूनच आमचा आग्रह असा, की ठसा बाहेर चालेल, आत चालणार नाही. आत नाव हवे, आणि त्या नावाच्या माणसालाच लागू पडेल असे निदान एक वाक्य हवे. चित्राचे श्रम ठशाने हलके केले, ते या एका वाक्यासाठी. ज्या आजीला लिहिता येत नाही, तिने तारा उमटवावा. तिने सांगितलेले वाक्य नातवाने लिहावे.

आणखी एक विनंती. याची स्पर्धा करू नये. एका ठिकाणच्या स्पर्धेत आम्ही पाहिले आहे : पत्रे आयांनी केलेली, बक्षिसे मुलांना, आणि कार्यक्रम संपल्यावर ती सारी पत्रे एका खोक्यात पडून. एकही कोणाच्या घरी पोहोचले नाही! जे कोणाला पाठवायचेच नाही, ते शुभेच्छापत्र कसले?

पन्नास पत्रे करू नयेत. पाच करावीत, पण ती कोणाला, हे घरच्या सर्वांनी मिळून ठरवावे. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि घरात दोनच म्हातारी माणसे आहेत, त्यांना एक. बांधाच्या वादावरून ज्या भावाशी अबोला आहे, त्याला एक. ते लिहिताना हात जड होईल; होऊ द्यावा. देवाने निरोप धाडून भागविले नाही, तो स्वतः आला. हा सण त्याच्या येण्याचा आहे.

आमच्या घरी भेंडी कापून झाली आहे. पहिले पत्र त्या माउलीचे आहे. ते आम्ही टपालाने पाठविणार नाही. स्वतः घेऊन जाणार आहोत.