अकरा महिन्यांचा कागद

गोव्यात घर भाड्याने देणारा आणि घेणारा दोघेही 'अकरा महिने' हा मंत्र जपत असतात. अकराच का म्हणून विचारा, 'तसा कायदाच आहे' असे उत्तर येईल. असा कायदा नाही. 1908 सालच्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मुदत अकरा महिन्यांची ठेवली की नोंदणीचा खर्च आणि सब-रजिस्ट्रारकडची खेप वाचते, एवढेच त्यातले रहस्य.

घरमालकाला दुसरी भीती असते ती 1968 सालच्या आपल्या भाडे नियंत्रण कायद्याची. भाडेकरूला उठवायचे तर त्यात सांगितलेलेच कारण दाखवावे लागते. म्हणून कागदावर 'भाडेपट्टा' न म्हणता 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणायचे, म्हणजे घरात हक्क नाही, राहायची नुसती परवानगी. पण नाव बदलल्याने भागत नाही. कागदाच्या मथळ्यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप काय ते पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच सांगून ठेवले आहे.

काहींना तर भाडेकरू मुंडकार होऊन बसेल असे वाटते. 1975 च्या मुंडकार कायद्याने घराचे भाडे भरून राहणाऱ्याला मुंडकाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. तरी या भीतीपोटी कितीतरी घरे कुलुपात वाळवीला दिलेली आपण पाहतो!

ही सगळी भीती बाळगणारी माणसे करार मात्र वाचत नाहीत. टायपिस्टकडे तयार नमुना असतो, त्यात नावे आणि आकडे बदलायचे की झाले. माझा जन्म कागदांत गेला, त्यामुळे ओळखीचे लोक असे करार दाखवायला आणतात. एकात चक्क महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम होते, आणि घर फोंडा तालुक्यात!

शिवाय हे नमुने मुंबईच्या फ्लॅटसाठी बेतलेले असतात. आपल्याकडचे कौलारू घर त्यात बसत नाही. पावसाआधी कौले कोणी परतायची? पावसात गळले तर माणूस कोणी आणायचा? विहिरीच्या पंपाचे वीजबिल कोणाचे? परसातल्या माडांचे नारळ कोणाचे, पाडेल्याची मजुरी कोणी द्यायची, आणि आपोआप पडलेला नारळ भाडेकरूने उचलला तर? हसू नका, नारळावरून दोन घरांचे बोलणे बंद झालेले मला ठाऊक आहे. भाड्यावरून फारशी भांडणे होत नाहीत, कारण आकडा दोघांच्याही तोंडपाठ असतो. वाद होतात ते न लिहिलेल्या गोष्टींवरून, आणि त्यात बहुधा भाडेकरूची अनामत अडकते. 'रंग काढावा लागेल' म्हणून ती कापून घेतात. पावसाळ्यात ओल येऊन भिंत काळवंडली, तर तो भाडेकरूचा दोष कसा?

म्हणून माझे म्हणणे आहे की करार मराठीत लिहावा. मराठीत लिहिला म्हणून तो कायद्याने उणा ठरत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीचा शासकीय वापर मान्य आहे. त्या मराठीसाठी आपण सभा गाजवतो, आणि स्वतःच्या घराच्या कागदावर 'हिअरइनआफ्टर' वाचून निमूट सही करतो. समोरचा बिगरमराठी असेल तर इंग्रजी ठेवा, पण मग प्रत्येक कलम दोघांना कळेल अशा भाषेत मोठ्याने वाचून घ्या. नोटरी सही तुमचीच आहे एवढे पाहतो, तुम्हाला समजले की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हे.

अनामत किती दिवसांत परत, किती दिवसांची नोटीस, कोणती दुरुस्ती कोणाची, एवढे चार ओळींत साध्या मराठीत मावते. मीटरचा आकडा आणि पंखे, नळ, चाव्या यांची यादी कागदाच्या पाठीमागे लिहून दोघांनी सही करावी. आणि भाडे रोख देत असाल, तर दर महिन्याची पावती मागायला लाजू नका, मालक मामेभाऊ असला तरी.