यंत्राची झोपमोड

सकाळी बटण दाबावे आणि संगणकाने पाच मिनिटे आळोखेपिळोखे देत पडून राहावे, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. मग कोणीतरी म्हणतेच, "म्हातारा झाला, नवा घ्या!" पण वाचकहो, खिशात हात घालण्यापूर्वी हा गृहस्थ जागा कसा होतो, ते पाहू या.

बटण दाबले तेव्हा त्याची मेमरी म्हणजे कोरी पाटी असते. म्हणून आतल्या एका चिपमध्ये साठवलेली छोटी आज्ञावली आधी चालते. ती मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेते आणि डिस्कवरचा 'बूट लोडर' शोधते. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. आणि कर्नल बाकीच्यांना कामाला जुंपतो. बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलावे, तसा हा प्रकार. 'बूट' हे नाव त्यावरूनच पडले.

इथवर गाडी बहुधा वेळेवर असते. पुढे मात्र जळगावहून धुळ्याला निघालेल्या एस. टी.ने पाळधी, एरंडोल, पारोळा करीत जावे, तसे होते. गप्पांचा कार्यक्रम, गाण्यांचा, प्रिंटरचा, प्रत्येकजण न बोलावता गाडीत चढतो!

धुळ्याच्या माझ्या बहिणीलाही एका दुकानदाराने नव्या यंत्राचाच सल्ला दिला. शिवणकामातून तिने मुलीच्या फीचे पैसे साठवले होते, ते त्यात जायचे. मी म्हटले, "ताई, आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब." विंडोजमध्ये याने टास्क मॅनेजर उघडतो. तेथे 'स्टार्टअप'च्या यादीतले नकोसे पाहुणे तिने 'डिसेबल' केले. ते पुसले जात नाहीत. बोलावले की येतात. व्हायरसचा पहारेकरी तेवढा राहू द्यावा.

जुनी हार्ड डिस्क असेल, तर फिरत्या तबकडीवर तुकडा तुकडा शोधण्यात वेळ जातो. एसएसडीत काही फिरतच नाही; म्हणून फरक चटकन जाणवतो. खर्चही नव्या यंत्राच्या मानाने थोडा. बदलण्यापूर्वी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. ताईने तेच केले, आणि फीचे पैसे शाबूत राहिले.

आणखी एक गंमत. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून बंद करताना बहुधा कर्नलची स्थिती डिस्कवर टिपून ठेवली जाते, म्हणजे सकाळी लवकर उठता येते. त्यामुळे रोज बंद करूनही तो पुरता ताजा होत नाही! अधूनमधून 'रीस्टार्ट' करावे.

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्याबरोबर यंदा तेवढी ती यादीही झाडून काढा!